एक घंटी म्हणजे थांब: जानेवारीत एडिसनहून सिअ‍ॅटलला गाडीने

प्रश्न थोडक्यात असा आहे. तिशीतलं एक जोडपं न्यू जर्सीतल्या एडिसनमधून सिअ‍ॅटलशेजारच्या रेडमंडला बिऱ्हाड हलवतंय. तिची नवी नोकरी २६ जानेवारीला सुरू होते. सामान मूव्हर्सच्या ट्रकने जाईल. गाडी चार वर्षं जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी) होंडा सीआर-व्ही. बर्फात गावातल्या गावात चालवलंय, लांब कधी नाही. तिने विचारलंय: आय-८० किंवा आय-९० हे पूर्व-पश्चिम जाणारे हायवे, की दक्षिणेकडून वळसा? पाच दिवस पुरतील का? आणि सासूबाई म्हणतात गाडी ट्रकवर चढवा, तुम्ही विमानाने जा, तर त्यांचं ऐकावं का?

हातात अकरा दिवस असतील तर गाडीने जा. नसतील तर सासूबाईंचं ऐका. त्या काळजीपोटी बोलत असतील, पण हिशेब त्यांचाच बरोबर आहे.

मी कोण सांगणारी, तर मी आणि माझा नवरा बारा वर्षं एकाच ट्रकवर टीम ड्रायव्हर आहोत. एक चालवतो तेव्हा दुसरा मागच्या बर्थवर झोपतो. दहा तास विश्रांती घेतल्यावर एका ड्रायव्हरला अकरा तासच चालवायची परवानगी असते, म्हणून दोघं असले की गाडी रात्रंदिवस पळते. आय-८० वर या टोकापासून त्या टोकापर्यंत किती खेपा झाल्या ते मोजणं कधीच सोडलं. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, मिरज डेपोला. पावसाळ्यात आंबा घाटातून धुक्यात गाडी काढलेला माणूस. मी अमेरिकेत ट्रक चालवते हे कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "कंडक्टर कोण?" तेव्हा मी हसले होते. त्या प्रश्नात काय होतं ते मला तिसऱ्या हिवाळ्यात कळलं. ती गोष्ट पुढे येईल.

आधी दिवसांचं. एडिसन ते रेडमंड जवळपास २,९०० मैल. पाच दिवसांत करायचे तर रोज ५८० मैल. उन्हाळ्यात दोघं मिळून हे आरामात जमतं. जानेवारीत सूर्य पाचच्या सुमाराला मावळतो आणि तुम्हाला अंधारात डोंगर चढायचा नाहीये, त्यामुळे दिवसाला ३५० ते ४०० मैल हे माप धरा. आठ दिवस चालवायचे आणि तीन दिवस बसून राहायचे. हे तीन दिवस फिरण्यासाठी ठेवलेले नाहीत, ते खर्च होणारच असं समजा. नाही झाले तर रेडमंडला रिकाम्या घरात चहा पीत बसा.

बसून राहण्याबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेत हिवाळी वादळं साधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात आणि तुम्ही निघालाय पूर्वेकडून पश्चिमेकडे. म्हणजे वादळ आणि तुम्ही समोरासमोर येता. अशा वेळी हॉटेलात एक दिवस थांबलात की बहुतेकदा वादळ तुमच्या डोक्यावरून मागे निघून जातं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही नांगराने बर्फ बाजूला सारलेल्या, मीठ टाकलेल्या रस्त्यावर निघता. सिअ‍ॅटलहून न्यू जर्सीला जाणाऱ्याचं नशीब उलटं असतं. तो वादळाच्या बरोबरीने चालतो, ते त्याला दोन-दोन दिवस सोडत नाही. तुमच्या दिशेला थांबण्याचं मोल दुप्पट आहे, म्हणून तर तीन दिवस मागितले.

आता रस्ता. दक्षिणेकडून गेलं की बर्फ लागत नाही, हा आपल्या लोकांत पसरलेला सगळ्यात मोठा गैरसमज. आय-४० ने गेलात तर ओक्लाहोमात आणि टेक्सासच्या वरच्या टोकाला बर्फाऐवजी गोठणारा पाऊस भेटू शकतो, आणि तो बर्फापेक्षा वाईट. पुढे अ‍ॅरिझोनातलं फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांवर आहे, तिथे ढिगाने बर्फ पडतं. त्यातून कॅलिफोर्नियात उतरलात तरी सिअ‍ॅटल हजारभर मैल उत्तरेला आहेच, आणि आय-५ वर ऑरेगनच्या सीमेला सिस्कियू समिट, ४,३१० फूट. तिथेही 'चाकांना साखळ्या लावा' अशा पाट्या लागतात. एवढा वळसा घालून टळतं ते फक्त वायोमिंग. लॉस एंजेलिस किंवा सॅन डिएगोला जाणारे असतात तर मीच तुम्हाला दक्षिणेकडून पाठवलं असतं.

आय-९० नकाशावर सरळ दिसतो आणि थेट सिअ‍ॅटललाच संपतो, म्हणून मोह होतो. पण बफेलो ते क्लीव्हलंड हा पट्टा ईरी सरोवराच्या काठाने जातो. उघड्या पाण्यावरून थंड वारा आला की काठावरच्या चिंचोळ्या पट्ट्यात तासाला दोन-तीन इंच बर्फ ओतलं जातं आणि वीस मैलांवर ऊन असतं. पुढे साउथ डकोटात वादळात हायवे सरळ बंद करतात, आणि मोंटानात एकामागून एक खिंडी. गावं लांब लांब, हॉटेलं थोडी. आय-९० ला मी नाव ठेवत नाही, पण पहिल्या हिवाळी प्रवासाला तो नको.

तुम्ही आय-८० धरा. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा, नेब्रास्का, वायोमिंग, मग युटात एको गावापाशी आय-८४ वर उजवीकडे वळायचं, आयडाहो, ऑरेगन, तिथून आय-८२ ने वॉशिंग्टनमध्ये एलेन्सबर्ग, आणि शेवटचे शंभर-सव्वाशे मैल आय-९० वर. या रस्त्यावर एकच राज्य तुमची खरी परीक्षा घेईल, आणि त्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचायला तुम्हाला चार दिवस मिळतात. तेवढ्यात हात बसतो.

त्या चार दिवसांबद्दल फार सांगत नाही. पेनसिल्व्हेनियात एका गोष्टीचा धाक बाळगा, स्नो स्क्वॉल. अर्ध्या तासाचं बर्फाचं झोडपणं, मिनिटभरात समोरचं दिसेनासं होतं. २८ मार्च २०२२ ला तिथेच आय-८१ वर अशाच स्क्वॉलमध्ये ८० गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि सहा माणसं गेली. हवामान खातं २०१८ पासून याचा वेगळा इशारा फोनवर पाठवतं. तो कर्कश आवाज आला की पुढच्या एक्झिटला बाहेर पडा, गॅस (म्हणजे पेट्रोल) भरा, समोसा खा, अर्ध्या तासाने निघा. शोल्डरवर, म्हणजे हायवेच्या कडेच्या पट्टीवर, मात्र थांबू नका. मागून येणाऱ्याला तुमचे दिवे दिसले की तो तुम्हाला चालती गाडी समजून तुमच्यामागेच येतो.

गॅसवरून आठवलं. न्यू जर्सीत कायद्याने स्वतः गॅस भरता येत नाही, तिथे माणूस येऊन भरून देतो. तिथेच गाडी शिकलेले कितीतरी जण मी पेनसिल्व्हेनियाच्या पहिल्या पंपावर गाडीत बसून वाट बघताना पाहिलेत. कुणीही येत नाही. उतरा, कार्ड घाला, भरा. आणि आयोवापासून पुढे अर्धी टाकी म्हणजे रिकामी टाकी समजा.

मुक्काम साधारण असे ठेवा: पहिला ओहायोत शिरल्याबरोबर, दुसरा शिकागो ओलांडून जोलिएटच्या आसपास, तिसरा ओमाहा. आयोवात वॉलकॉटला एक्झिट २८४ ला जगातला सगळ्यात मोठा म्हणवणारा ट्रक स्टॉप आहे, तिथे तासभर पाय मोकळे करा. चौथा मुक्काम नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला सिडनीला. शायेनला नाही, सिडनीलाच. का ते आता सांगते.

वायोमिंगमध्ये आय-८० चारशे मैल आहे. शायेनहून लॅरमीकडे जाताना शर्मन समिट लागतं, ८,६४० फूट, या अख्ख्या हायवेवरचं सर्वांत उंच ठिकाण. तिथे रेस्ट एरियात लिंकनचं प्रचंड डोकं उभं केलंय. सगळे तिथे फोटो काढतात आणि घाट संपला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकतात. खरी गोम पुढे आहे. लॅरमी ते वॉलकॉट जंक्शन (नाव तेच, आयोवातल्या वॉलकॉटशी याचा संबंध नाही) हा तुकडा १९७० मध्ये सुरू झाला. त्याआधीचा जुना हायवे, यूएस-३०, उत्तरेकडून मेडिसिन बो गावावरून वळसा घालून जायचा. नवा रस्ता वीसेक मैल वाचवण्यासाठी एल्क माउंटनच्या पायथ्याने नेला. तिथल्या गुरं राखणाऱ्या लोकांनी आधीच बजावलं होतं की हिवाळ्यात तिकडे जनावरसुद्धा थांबत नाही. कुणी ऐकलं नाही. पहिल्याच हिवाळ्यात रस्ता पुन्हा पुन्हा बंद पडला, आणि व्हिएतनाम युद्धाचे दिवस असल्यामुळे ड्रायव्हरांनी त्याला 'स्नो ची मिन्ह ट्रेल' म्हणायला सुरुवात केली. १९७१ पासून वाऱ्याच्या बाजूला लाकडी कुंपणं उभी केली, बर्फ रस्त्यावर येण्याआधी अडवायला. उजाड माळावर एकामागे एक तिरक्या फळ्यांच्या त्या भिंती तुम्हाला दिसतील. कशासाठी आहेत ते आता ठाऊक असेल.

तिथे त्रास पडणाऱ्या बर्फापेक्षा उडणाऱ्या बर्फाचा असतो. वर आकाश निळंभोर, ऊन पडलेलं, आणि जमिनीपासून गाडीच्या काचेपर्यंत पांढरा लोट आडवा वाहतोय. फोनवरचं हवामान 'स्वच्छ, ऊन' म्हणतं. म्हणून वायोमिंगमध्ये पाऊस-बर्फाचा अंदाज पाहण्याआधी वारा पाहा. झोत ताशी ५५-६० मैलांच्या वर जाणार असतील तर त्या दिवशी सिडनीच्या हॉटेलात पत्ते खेळा.

इथेच आमची गोष्ट घडली. तिसरा हिवाळा, फेब्रुवारी. ट्रकमध्ये बटाट्याचे वेफर्स होते. भरलेला ट्रक जड म्हणून सुरक्षित असं वाटतं, पण वेफर्स म्हणजे पाकिटात भरलेली हवा. त्रेपन्न फुटी ट्रेलर पतंगासारखा होतो. नवरा मागे झोपलेला. माल पोचवायला उशीर होत होता आणि आमच्या तेव्हाच्या कंपनीचा माणूस दर तासाला फोन करत होता. आर्लिंग्टनपाशी वारा इतका वाढला की ट्रेलर शेजारच्या लेनमध्ये सरकायला लागला. नवऱ्याला जाग आली, पडद्यामागून म्हणाला, "थांब गं." मी म्हटलं, रॉलिन्स साठच मैल राहिलंय. तो पुन्हा म्हणाला. मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा तो काही बोललाच नाही, त्याने माझ्या सीटच्या पाठीवर बोटाने एकदा टकटक केलं. एसटीत कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे माझ्या वडिलांबद्दल बोलताना मीच त्याला कधीतरी सांगितलं होतं. घंटी वाजली की ड्रायव्हर का म्हणून विचारत नाही. मागे कुणाचा पाय दारात आहे ते त्याला दिसत नसतं. मी एल्क माउंटनच्या एक्झिटला बाहेर पडले. एकोणीस तास उभे होतो. दुसऱ्या दिवशी रस्ता उघडल्यावर मैलभरात तीन ट्रक आडवे पडलेले दिसले.

तेव्हापासून आमच्यात हाच नियम आहे, आणि तुम्हाला द्यायला माझ्याकडे याहून मोलाचं काही नाही. दोघांपैकी कुणीही, चालवणारा असो की शेजारचा, 'थांब' म्हणाला की पुढच्या सुरक्षित एक्झिटला गाडी बाहेर. कारण विचारायचं नाही, 'काही होत नाही' म्हणायचं नाही, नंतर टोमणा मारायचा नाही. चालवणाऱ्याला वेगाची सवय होते, शेजारच्याला होत नाही. म्हणून त्याची भीती जास्त खरी असते. आणि 'चल' म्हणायला दोघं लागतात. सकाळी हॉटेलातून निघताना एकाचं जरी मन नसेल तर खोली आणखी एका रात्रीसाठी वाढवायची. तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं, "ह्यांना उशीर झालेला चालत नाही." ह्यांना हा परिच्छेद वाचायला द्या.

वायोमिंगचं कामाचं तेवढं. रस्त्याच्या स्थितीसाठी राज्याची ५११ सेवा आहे, फोनवर किंवा अ‍ॅपवर, आणि तिथले रस्त्यावरचे कॅमेरे स्वतः डोळ्यांनी पाहा. रस्ता बंद केला की शहराच्या तोंडाशी रेल्वे फाटकासारखं आडवं फाटक पडतं. ते चुकवून जाणं गुन्हा आहे, दंड तर होतोच, तुरुंगही होऊ शकतो. कधी कधी समोर रस्ता स्वच्छ दिसतो आणि तरीही फाटक पडलेलं असतं, कारण पुढच्या गावात ट्रक उभे करायलाच जागा उरलेली नसते. अशा वेळी फोनमधला नकाशा हुशारी करून एखादी गावठी वाट दाखवेल. ती गुरांच्या कुरणातून जाणारी, न नांगरलेली वाट असते. नको. तसंच 'आय-८० बंद आहे तर डेन्व्हरवरून आय-७० ने जाऊ' ही युक्तीही नको, तिथे आयझेनहॉवर बोगदा अकरा हजार फुटांवर आहे आणि तोच वारा तिथेही असतो. फाटक पडलं की शायेन, लॅरमी, रॉलिन्सची हॉटेलं तासाभरात भरतात, लोक लॉबीत झोपतात. म्हणून मुक्काम सिडनीला ठेवायचा. तिथून पहाटे कॅमेरे पाहून निघालात तर शंभर मैलांवर शायेन, आणि दिवसाउजेडी निदान रॉक स्प्रिंग्ज गाठता येतं.

आणि तुम्ही विचारलं नाहीये, पण अनेकजण करतात म्हणून सांगते: पैसे वाचवायला गाडीमागे भाड्याचा ट्रेलर किंवा टपावर मोठा खोका लावू नका. वायोमिंगमध्ये 'हलक्या, उंच वाहनांना बंदी' असा फलक लागतो तो अशा ट्रेलरवाल्यांसाठीही असतो.

आता गाडी. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी पुढे काढायला मदत करतं, थांबवायला नाही. थांबवतात ते टायर. तुमच्या टायरच्या कडेला तीन शिखरं आणि आत हिमकण अशी खूण आहे का पाहा. नसेल तर खरे हिवाळी टायर घाला. ४५ अंश फॅरनहाइटच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होतं, बर्फ नसलं तरी पकड कमी होते. तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने कमी होते. एडिसनला ४५ अंशांत भरलेली हवा वायोमिंगच्या उणे पाचात पाच पीएसआयने कमी दाखवणार. दर दोन दिवसांनी सकाळी, गाडी गार असताना मोजा. चार वर्षांची बॅटरी आहे ती निघण्याआधी तपासून घ्या. दुकानदार 'अजून चालेल' म्हणाला तरी बदला.

काच धुण्याचं निळं पाणी. हसू नका, ही माझ्या यादीतली दुसऱ्या नंबरची वस्तू आहे. तुम्ही पश्चिमेला चाललाय, दुपारी दोननंतर सूर्य थेट डोळ्यांत, आणि पुढच्या ट्रकच्या चाकांतून मिठाचं गढूळ पाणी काचेवर. ते वाळलं की काच दुधी होते आणि उन्हात काही म्हणजे काही दिसत नाही. न्यू जर्सीत स्वस्तात मिळणारं पाणी बहुतेकदा ३२ अंशांपर्यंतचंच असतं, ते नळीत गोठतं. उणे वीस किंवा त्याखालचं घ्या, जुनं पूर्ण फवारून संपवा, मग भरा, आणि दोन कॅन डिकीत.

साखळ्या घ्याव्याच लागतील. ऑरेगनमध्ये पाटी लागली की गाडीत साखळ्या किंवा हिवाळी टायर असणं बंधनकारक, वॉशिंग्टनच्या खिंडींतही ऑल-व्हील-ड्राइव्हला चढवण्यातून सूट असली तरी जवळ बाळगाव्या लागतात. पण आधी गाडीचं पुस्तक वाचा, काही गाड्यांत चाकाभोवती इतकी कमी जागा असते की ठरावीक प्रकारच्याच चालतात. आणि एडिसनच्या पार्किंगमध्ये एका रविवारी दोघांनी मिळून हातमोजे घालून दोनदा चढवून उतरवून पाहा. पहिल्या वेळी पाऊण तास लागेल आणि भांडण होईल. ते एडिसनलाच झालेलं बरं.

चालवताना तीन-चार गोष्टी. ओल्या किंवा पांढऱ्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल बंद. पूल रस्त्याआधी गोठतात, त्यावर ना ब्रेक ना स्टिअरिंगला झटका. आणि पुढच्या ट्रकच्या चाकांकडे बघत राहा. रस्ता ओला दिसतोय आणि चाकांतून तुषार उडतायत, म्हणजे पाणी आहे. रस्ता तसाच ओला दिसतोय पण तुषार उडायचे थांबले, म्हणजे ते पाणी नाही, काच आहे. आमच्या धंद्यात हे नवख्याला पहिल्या दिवशी शिकवतात. बर्फ काढणाऱ्या नांगराला ओलांडू नका, त्याच्या मागचा रस्ता सगळ्यात चांगला असतो. आम्हा ट्रकवाल्यांच्या पुढे घुसून ब्रेक मारू नका, चाळीस टनांचं हे धूड कोरड्या रस्त्यावरसुद्धा फुटबॉलच्या मैदानाहून लांब घसरत जातं.

दोन-दोन तासांनी पाळी बदला. आमच्या ट्रकमध्ये एक झोपतो, पण तुमच्या गाडीत दिवसा दुसऱ्याने झोपायचं नाही. तो कंडक्टर आहे. रस्त्याचे कॅमेरे, पुढचा पंप, पुढचं हॉटेल हे त्याचं काम.

अडकलात तर गाडी सोडून चालत निघू नका. तासातून दहा मिनिटं इंजिन चालवा, आणि त्याआधी दर वेळी धूर सोडणाऱ्या मागच्या नळीभोवतीचं बर्फ काढा. नळी बुजली तर विषारी वायू आत येतो आणि त्याला वास नसतो. नळी ज्या बाजूला नाही त्या बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवा. छोटं फावडं, डोक्याला लावायची बॅटरी, पॉवर बँक, चाकाखाली टाकायला मांजराची वाळू (कॅट लिटर). गोधडी असेल तर ती मूव्हर्सना देऊ नका. ब्लँकेटं आणि जाड कोट मागच्या सीटवर ठेवा, कारण डिकीचं दार गोठून बसतं. पाणी थर्मासमध्ये, प्लॅस्टिकच्या बाटल्या रात्रीत दगड होतात. खायला दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याचे लाडू. संक्रांत तुम्हाला बहुधा नेब्रास्कात पडेल, तिळगूळ डब्यात असू द्या. तीळ आणि गूळ थंडीसाठीच असतात. मला वाटेत गरम जेवणाची फार हौस, त्यामुळे हेही सांगते की पंजाबी ट्रकवाल्यांच्या कृपेने आय-८० वर आता काही ट्रक स्टॉपमध्ये ढाबे निघालेत. पाटी दिसली तर थांबा. दालफ्राय मिळते आणि पुढच्या रस्त्याची बातमी कुठल्याही अ‍ॅपपेक्षा ताजी असते.

वायोमिंगनंतर माणसं सैल पडतात, म्हणून ऑरेगनचं मुद्दाम सांगते. आयडाहोत स्नेक नदीच्या खोऱ्यातला रस्ता सोपा आहे, बॉयसीला सहावा मुक्काम करा. सातव्या दिवशी बेकर सिटी ते पेंडलटन ब्लू माउंटन लागतात, आणि शेवटी कॅबेज हिलची उतरण: सहा मैलांत दोन हजार फूट खाली, सहा टक्के उतार, दोन मोठी वळणं, आणि हिवाळ्यात बरेचदा धुकं. वडील म्हणायचे, घाट ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. तुमची गाडी ऑटोमॅटिक आहे, तरी 'एल' किंवा 'एस' असतं. ते टाका, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. वर मीचम गावापाशी ऑरेगनच्या ट्रिपचेक या संकेतस्थळावर उताराचा कॅमेरा पाहून घ्या. काही दिसत नसेल तर मागे ला ग्रांडला मुक्काम.

सामानाचं दोन शब्दांत. मूव्हर्स तुमच्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी येतील असं धरा. हवेची गादी, कुकर, दोन ताटं गाडीत. त्या मूव्हर्स कंपनीचा यूएसडॉट (अमेरिकी परिवहन खात्याचा) क्रमांक आधी तपासा. पासपोर्ट, व्हिसाची कागदं, आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद), लग्नाचा दाखला, दागिने हे सगळं हातातल्या पिशवीत, रात्री हॉटेलच्या खोलीत. एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असून नोकरी तीच, फक्त शहर बदलत असेल, तर सुधारित अर्ज निघण्याआधी दाखल झालाय ना हे वकिलाला विचारा. नवऱ्याच्या नोकरीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही म्हणून म्हटलं. वॉशिंग्टनला राहायला आल्यापासून तीस दिवसांत लायसन्स आणि गाडीची नोंदणी बदलावी लागते.

तुळस नेता येईल का, असंही विचारलंय. पार्क केलेल्या गाडीत एका रात्रीत जाते. रोज कुंडी हॉटेलात वर-खाली करायची तयारी असेल तर न्या, नाहीतर मंजिऱ्या वाळवून पाकिटात घ्या आणि कुंडी शेजारणीला द्या. मी स्वतः मंजिऱ्याच नेल्या होत्या.

शेवटची खिंड स्नोक्वाल्मी, ३,०२२ फूट. उंची कमी, पण तिथे ओलं, जड बर्फ पडतं आणि हिमकडे पाडण्यासाठी अधूनमधून रस्ता तासाभरासाठी बंद करतात. सातव्या दिवशी सिअ‍ॅटल सव्वाशे मैलांवर दिसत असतं आणि 'आज रात्रीच घरी पोचू' असं वाटतंच. एलेन्सबर्गलाच झोपा. सकाळी नऊला, खिंडीचा कॅमेरा पाहून, दोघं 'चल' म्हणालात की निघा. नॉर्थ बेंडला उतरेपर्यंत बर्फाच्या जागी पाऊस लागलेला असतो, आणि अपार्टमेंटचं ऑफिस किल्ल्या द्यायला दुपारी उघडं असतं.